वीसच्या चार प्लेटा

भाऊ, तुमच्या वीस-वीस किलोच्या चार प्लेटा मी काल काट्यावर ठेवल्या. सावली गावातल्या राइस मिलमध्ये धानाची पोती तोलणं हेच आता माझं काम, त्यामुळे काटा हाताशी होता. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. तुमच्या पत्नी, आमच्या बाई, आलापल्लीचं घर सोडून लेकीकडे राहायला निघाल्या, तेव्हा म्हणाल्या, "तूच ने ह्या. तुह्याशिवाय कोन उचलते?" मी आठवण म्हणून आणल्या आणि सहज तोलल्या. एकेक साडेतेवीस किलोची निघाली. काटा बिघडला असेल म्हणून त्यावर मिलमधलं शिक्क्याचं वजन ठेवून पाहिलं. काटा ठीक होता.

आरागिरणीच्या भंगारातून वेल्डरकडून तुम्ही त्या कापून घेतल्या होत्या आणि पांढऱ्या रंगाने २० स्वतः लिहिलं होतं. सागवानाच्या डेपोतली ड्यूटी संपली की तुम्ही घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये आम्हाला वजन उचलायला शिकवायला यायचे. आम्ही पाच-सहा जण, मुलगी मी एकटीच. स्पर्धेला कोण तयार आहे हे ठरवायची तुमची एकच रीत: ज्या वजनाने सुरुवात करायची ते सगळ्यांसमोर तीनदा उचला, आणि मी म्हणेपर्यंत रॉड खाली ठेवू नका. ती रीत चोख होती, तिला मी नावं ठेवत नाही. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून रॉड उचलून ताठ उभं राहायला, माझ्यासाठी तुम्ही एकशे दहा ठरवलं होतं. मी शंभर तीनदा उचलायचे आणि एकशे दहाला गुडघ्याशी अडकायचे. पोरांचं सुरुवातीचं वजन कमी ठरवून तुम्ही त्यांना जेमतेम तयारीवरही पाठवायचे. माझ्याशी एवढे कडक वागता म्हणजे माझ्यावर जास्त जीव आहे, असं मी धरून चालले होते. तिसऱ्या वर्षी मी विचारते, "भाऊ, यंदा जाऊ का मी गडचिरोलीले?" तुम्ही रॉड पुसता पुसता म्हणता, "घाई काऊन करून राह्यली? अजून नाई झाली तू." मी मान डोलावते. त्या वर्षी माझ्या वजनगटात पहिली आलेल्या मुलीने एकशे दहा उचललं. वीसचा रॉड आणि ह्या चार प्लेटा, माझं शंभर म्हणजे एकशे चौदा होतं, भाऊ. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं.

काल मी बाईंना फोन केला. मनात अजून आशा होती की तुम्हालाही ठाऊक नसेल, वेल्डरनेच जाड लोखंड कापलं असेल. बाई म्हणाल्या, "त्याईले माहीत होतं ना. डेपोतल्या काट्यावर तोलूनच आणल्या होत्या. तुले सांगू नोको म्हणे; ही जिंकली त खेळाच्या कोट्यातून पोलिसात लागन, मंग आपली शेड सुनी होईन, म्हणत." त्या हे अगदी सहज बोलल्या. तुम्ही मला फसवलंत. तोंडावर जाऊ नको म्हणाला असतात तर मी भांडले असते, रुसले असते, कदाचित राहिलेही असते. पण तुम्ही माझं बळच मला कमी करून सांगितलंत, आणि मी रोज तुमच्या पाया पडून घरी जात राहिले.

हे पत्र बाईंकडे पाठवणार होते, तुमच्या फोटोजवळ ठेवायला. आता पाठवणार नाही. दुसऱ्या वर्षी मी चंद्रपूरला मावशीकडे गेले होते, तेव्हा तिथल्या जिममध्ये शंभर लावून पाहिलं होतं. पाच वेळा उचललं, धापही लागली नाही. तिथल्या प्लेटा खोट्या असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली, पण खरं काय ते मला तेव्हाच कळलं होतं. परत येऊन तुम्हाला एक शब्द बोलले नाही. स्पर्धेतला तो घट्ट पोशाख घालून, भरल्या हॉलमध्ये, एकटीने रॉडपाशी चालत जायचं, याचीच मला भीती वाटायची. तुम्ही नाही म्हणालात की त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवायचे.