शालीत गुंडाळलेलं रक्त

ता. ४ मार्च

चि. चिमणीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या आईचं रक्त न्यायला दवाखान्यातून दोघी घरी आल्या. आधी आली ती नर्स, ताडमाड उंच. मागून धापा टाकत डॉक्टरीणबाई. शेजारणीने खिडकीतून मान लांब केलीच. तिला म्हटलं, कपडे शिवायला टाकायला आल्यात. तुझ्या आईचं मशीन दारातच, तिला पटलं.

तुझ्या आईचं तुला ठाऊकच. एचआयव्ही कळून सहा वर्षं झाली, पण सूनबाईंना साधी शिंक नाही. दुखत नाही तर गोळ्या कशाला, हाच हेका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या तशाही घ्यायलाच हव्यात. वरून शांत असलं तरी आत रक्तातले शिपाई एकमेकांना निरोप धाडत असतात, ते निरोप मोजता येतात. आई म्हणाली, मोजा, मग ठरवते.

नर्स आईच्या हातचं पाणी प्यायली, आईच्याच पेल्यातून. सहा वर्षांत पहिलं माणूस गं. माझे डोळेच भरले.

रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवून त्या तासभर कागद लिहीत बसल्या. मला वाटलं, लेकराचं ऊन रक्त गारठेल. हळूच नळ्या काढल्या, शालीत गुंडाळून चुलीशी ठेवल्या. त्या निघताना परत डब्यात. कुणाला बोलले नाही, तुलाच सांगते.

तुझी आजी

ता. ९ मार्च

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

हसू की रडू? ते रक्त गारच ठेवावं लागतं. उबेला शिपाई नळीतसुद्धा बडबडत राहतात आणि मोजणी खोटी निघते. त्या खोट्यावर आई गोळ्यांचं ठरवेल. पत्र मिळताच दवाखान्यात जाऊन सांग. लाज वाटली तरी जा. त्याच शालीत मीही वाढले, म्हणून रागावता येत नाही.

माया पातळ करू नकोस.

तुझी चिमणी

ता. २ एप्रिल

चि. चिमणीस आशीर्वाद, आणि कान धरल्याबद्दल एक जास्तीचा.

गेले. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला, मग माझाच हात धरून म्हणाल्या, सांगितलंत हे फार बरं केलंत. जुनं रक्त टाकून दिलं, नवीन घेतलं. या खेपेला नर्सने मला डब्यापासून चार हात लांब बसवलं.

काल दोघी निकाल घेऊन आल्या. निरोप भरपूर निघाले. आत झटापट चालू आहे आणि सूनबाईंना पत्ता नाही. तुझ्या आईने हातातली शिवण पुरी केली, दोरा तोडला, मग विचारलं, “गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?”

मी मोरीत जाऊन रडले. कुणाकुणाचे उपकार मानू? पहिली गोळी तिने माझ्यासमोरच घेतली.

अशीच मला ओरडत राहा.

तुझी आजी

ता. क. दोघी पुन्हा यायचं कबूल करून गेल्यात. वीस तारखेला, मंगळवारी.