माफी नेमकी कशाची

एडिनबरा,
८ फेब्रुवारी २०२५

चि. जयंत यास,
सुप्रभाताईचे अनेक आशीर्वाद आणि सलाम. वि. वि.

फोन केला की तू सगळं ठीक आहे म्हणतोस आणि फोन देविकाच्या हातात देतोस. म्हणून आबांनी लावलेल्या सवयीप्रमाणे कागद घेऊन बसले आहे. निदान वाचताना तरी तुला मला टाळता येणार नाही.

काल देविकानं रडत रडत सगळं सांगितलं. तुमच्या केअर होममधल्या मिसेस हॉलिसना यंत्रानं उचलताना त्या पडल्या, मनगट मोडलं, आणि खापर तुझ्यावर फुटलं. चौकशी होईपर्यंत तुला सस्पेंड करून घरी बसवलंय. इथवर मी दात ओठ खाऊन ऐकून घेतलं. पण तू त्याच संध्याकाळी आपल्या पायांनी त्या मॅनेजरबाईकडे जाऊन माफी मागून आलास, हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता ती बाई सांगत सुटलीय की ह्यानं स्वतःच गुन्हा कबूल केला. जयंत, ह्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

तुझी नोकरी गेली तर स्पॉन्सरशिप जाते, स्पॉन्सरशिप गेली तर व्हिसा जातो. तुझ्या लेकीचं, वैभवीचं हे जीसीएसईचं, म्हणजे इथल्या दहावीचं वर्ष आहे. हे तुला मी सांगायला हवं का? तू लहानपणापासून गरीब गाय. वर्गातली पोरं तुझा डबा खायची आणि तू त्यांना पाणी नेऊन द्यायचास. मऊ लागलं की लोक कोपरानं खणतात, हे आई तुला सांगून सांगून थकली.

काय घडलं ते स्वतःच्या अक्षरात कळव. तुझ्या सुहासभावजींनी तुला धीर धरायला सांगितलंय. मी तसलं काही सांगत नाही.

देविकाला आणि वैभवीला प्रेम. माझा राग आणि माया दोन्ही गोड मानून घे.

तुझी,
ताई


नॉटिंगहॅम,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
जयंतचा प्रेमपूर्वक सलाम. वि. वि.

तुझं पत्र देविकानं आधी वाचलं, मग मला दिलं, मग माझ्या तोंडाकडे बघत बसली. डब्याची गोष्ट वैभवीला फार आवडली.

घडलं ते असं. मिसेस हॉलिसना पलंगावरून खुर्चीत बसवायला एक यंत्र आहे. त्याला कापडाची झोळी असते, तिच्यात माणूस बसतो. त्या झोळीची शिवण उसवत चालली होती. मी मॅनेजरबाईंना दोनतीनदा तोंडी सांगितलं. त्या म्हणाल्या, नवी मागवली आहे, तोवर चालवून घ्या. गुरुवारी शिवण आणखी गेलेली दिसली आणि माझा तोल गेला. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायकांसमोर मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला. शनिवारी सकाळी शिवण तुटली. मी खालून हात घातला म्हणून मिसेस हॉलिसचं डोकं वाचलं, मनगट नाही वाचलं. झोळी खराब आहे हे माहीत असूनही मी त्यांना तिच्यात बसवलं, हे मला खातं. पण त्या दिवशी दुसरी झोळी नव्हती, आणि मिसेस हॉलिस रात्रभर ओल्यात पडून होत्या.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे चर्चमध्ये प्रभुभोजन. आबा आदल्या संध्याकाळी काय करायचे ते तुला मी काय सांगू. ज्याच्याशी वाकडं आलं असेल त्याच्या दारात जायचं, आपलं चुकलं तेवढं बोलायचं, आणि मगच प्रभूच्या मेजाला यायचं. मी तेच केलं. तिकडे नगरला समोरचाही म्हणायचा की माझंही चुकलं, आणि चहा यायचा. इथे मॅनेजरबाईंनी फक्त मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. ही आपली रीत त्यांना ठाऊक नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

वैभवीची प्रीलिम नीट पार पडली. देविकाला ईस्टरच्या करंज्यांचे वेध आत्तापासून लागलेत.

सुहासभावजींना सलाम. तुझ्या रागाची सावली आमच्यावर अशीच राहू दे.

तुझा,
जयंत


एडिनबरा,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. जयंत यास,
आशीर्वाद व सलाम. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात लंचमध्ये वाचलं आणि पुढची मीटिंग मी कशी काढली ते माझं मला माहीत. झोळी फाटकी हे तिला ठाऊक, तूच तिला सांगितलेलं, आणि आज ती साळसूदपणे तुझ्याकडे बोट दाखवते. चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि संन्यासी म्हणतो, सुळी जरा सरळ करून देऊ का.

ताबडतोब लिहून दे की माफी मागणं हा आमच्याकडचा नुसता रिवाज आहे, त्याचा अर्थ काही नाही, ती मी परत घेतो. आमच्या एचआरमधल्या अनुराधालाही विचारलं, तीही हेच म्हणाली. वकील लागला तर मी बघते. आणि सुनावणीत तोंडात मिठाची गुळणी धरून बसू नकोस. टेबलावर हात आपट. ह्या देशात हळू बोलणाऱ्याला लोक आभार मानून बाहेर काढतात.

नम्रता, लीनता, सगळं मीही त्याच संडे स्कूलमध्ये शिकले. पण लीन व्हायचं ते देवापुढे. जिनं म्हातारीचा हात मोडवला तिच्यापुढे कशाला? तू असा वाकतोस ना, तेव्हा तिला तिचं खोटं खरं वाटायला लागतं. माझ्या मते हे पाप आहे, आणि ते तुझ्या खात्यावर आहे.

फार लिहिलं. पण एक शब्द खोडणार नाही. उलट टपाली कळव, आणि ह्या भांडकुदळ बहिणीवर जीव असू दे.

ताई


नॉटिंगहॅम,
२८ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
सलाम. वि. वि.

काल सुनावणी झाली. तुझं ऐकलं नाही. माफी परत घेतली नाही, कारण ती रिवाज म्हणून मागितली नव्हती. मी खरोखर ओरडलो होतो.

वरच्या ऑफिसातून एक गृहस्थ आले होते. माझ्या बाजूनं युनियनचा माणूस. गृहस्थांनी वाचून दाखवलं की अपघाताच्या संध्याकाळी जयंत आपणहून येऊन माफी मागून गेला, आणि मला विचारलं की हे खरं का. मी हो म्हटलं. युनियनच्या माणसानं कपाळाला हात लावला. मग मी विनंती केली की माफी कशाबद्दल मागितली, तेही बाईंना विचारावं.

बाई म्हणाल्या, अपघाताबद्दल. मी म्हटलं, नाही, गुरुवारच्या ओरडण्याबद्दल, आणि मी तसं स्पष्ट बोललो होतो. मी तापट आहे हे दाखवायची आयती संधी मिळाली म्हणून असेल, बाई लगेच म्हणाल्या की हो, गुरुवारी हा सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडला, फार भयंकर होतं, बायका साक्षीला आहेत. गृहस्थांनी चष्मा काढला आणि विचारलं, कशावरून ओरडला. बाई समोरचे कागद चाळू लागल्या. गृहस्थांनी पुन्हा विचारलं. मग त्या हळूच म्हणाल्या, झोळीवरून.

टेबलावर हात आपटावा लागला नाही, ताई.

थोडा वेळ आम्हाला बाहेर बसवलं. आत बोलावलं तेव्हा सगळे हसतमुख. सोमवारपासून कामावर या, तुमच्यावर काहीही ठपका नाही. फक्त एका कागदावर सही हवी, की स्टाफमध्ये गैरसमज झाला होता आणि अपघातात कुणाचाच दोष नव्हता. युनियनचा माणूस म्हणाला, कर सही आणि सूट. मी विचारलं, मिसेस हॉलिसच्या मुलाला काय सांगितलंय. कळलं की आई मध्येच हलली म्हणून पडली, असं सांगितलंय. ती बाई बिचारी आता सगळ्यांना सांगते की माझीच चूक, मी हलायला नको होतं.

मी सही केली नाही.

माझ्यावर आळ आला तो मी सोसला असता, कारण तो माझा होता. तिचं मनगट माझं नाही. ते सोडून द्यायचा हक्क मला कुणी दिला? हे मी तिथे आवाज न चढवता सांगितलं. त्यांनी पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. सही नाही, तर नोकरीचं काही सांगता येत नाही म्हणाले. देविका काल जेवली नाही. आज सकाळी मात्र तिनं विचारलं की मिसेस हॉलिसच्या मुलाचा फोन नंबर मिळेल का.

आता तू रागावशील. रागाव, पण अंतर देऊ नकोस.

तुझा,
जयंत


एडिनबरा,
३ मार्च २०२५

चि. जयंत यास,
आशीर्वाद व सलाम. वि. वि.

पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. सुहासना मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा मनगटाशी आल्यावर मी पत्र त्यांच्या हातात दिलं आणि पुढचं त्यांनी वाचलं.

चिडलेली मी अजूनही आहे. मोडक्या हाताच्या म्हातारीकडूनच तिची चूक कबूल करून घेतात, आणि वर हसतमुखानं कागद पुढे सरकवतात. चीड आली नाही तर मी माणूस कसली. पण तुझ्यावर चिडायला काही उरलं नाही, आणि त्यामुळे फार अडचण झालीय.

सही करू नकोस. नोकरी राहिली तर उत्तम. नाही राहिली तर दुसरा स्पॉन्सर मिळेपर्यंत जो काही वेळ सरकार देतं, त्यात आपण सगळे मिळून देश पालथा घालू. वैभवीला म्हणावं, अभ्यास सोडायचा नाही.

शुक्रवारी मी येतेय. रजा टाकली, तिकीट काढलं. तू आत जा आणि तुझ्या पद्धतीनं बोल. मी बाहेर बाकावर बसेन आणि तोंडातून एक शब्द काढणार नाही. ती बाई समोरून गेली तरी.

तुझ्या ताईला हे जमावं म्हणून तुम्ही तिघं प्रार्थना करा. तुझ्यासाठी मी करतेच आहे.

तुझी,
सुप्रभाताई