‘मोकळी’ या शब्दाबाबत

मी, आयली केतोला, वय ७१, राहणार डुलुथ, मिनेसोटा. शरीर थकलं आहे, डोकं ठिकाणावर आहे. हे कोणी माझ्याकडून लिहवून घेतलेलं नाही. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. घर, सामानासह, माझी भाची मारीत हिला. सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, चूल जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी. धूर उलटा येतो.

२. माझा भाऊ एइनो याची होडी मारीतलाच. ठेवायची की विकायची, ते तिने ठरवावं. एइनो तिचेच वडील होते.

३. परगण्यात रुग्णवाहिका पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरची शब्दसूची मी अकरा वर्षं सांभाळली. चालक, गाड्या पाठवणाऱ्या केंद्रावरचे लोक आणि प्रोग्रामर यांनी एका शब्दाचा एकच अर्थ घ्यावा, एवढ्यासाठी ती होती. चालकांच्या तोंडी ‘मोकळी’ म्हणजे रुग्ण उतरवला, गाडी धुवायची आहे. केंद्रावर ‘मोकळी’ म्हणजे लगेच पाठवा. म्हणून निघायला तयार असलेल्या गाडीसाठी मी ‘सज्ज’ हा वेगळा शब्द नोंदवला होता.

प्रोग्रामर ग्लेन स्वोबोडा म्हणाला, “अगं आयली, पडद्यावर इतके रकाने मावत नाहीत. एकच शब्द ठेवू. लोक घेतात समजून.”

तीन बैठका मी भांडले. चौथीत म्हटलं, “कर बाबा काय करायचं ते.” मंजुरीखाली सही माझी आहे.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत एइनोच्या छातीत कळ आली. पडद्यावर जवळची गाडी ‘मोकळी’ दिसत होती. प्रत्यक्षात ती धुतली जात होती. दुसरी यायला एकतीस मिनिटं लागली. तोवर तो गेला होता.

शब्द बदला म्हणून मी परगण्याच्या कार्यालयाला सात पत्रं लिहिली. उत्तर एकच आलं: ती सूची आता कोणी उघडत नाही. शब्द अजून तसाच आहे. सूचीची माझी प्रत कोणाला हवी असल्यास द्यावी. कोणी मागेल असं वाटत नाही.

४. ग्लेनला काही देऊ नये. तो माफी मागायला आला होता. मी दार उघडलं नाही. उघडलं असतं तर माझ्या सहीबद्दलही बोलावं लागलं असतं.

५. मारीत दर रविवारी पुल्ला, आमचा वेलदोड्याचा गोड पाव, भाजून आणते आणि म्हणते, “आत्या, त्या ग्लेनला मी जन्मात माफ करणार नाही.” मी तिच्या कपात कॉफी ओतते. सहीचं तिला आजवर सांगितलेलं नाही. हे वाचून तिला घर नकोसं झालं, तर ते गावच्या ग्रंथालयाला द्यावं आणि तिला कोणी समजावू नये.

आम्हा दोघांसमक्ष आयली केतोला यांनी वाचून सही केली:
डोरीन बेकस, शेजारीण
लॉयड निस्केनन, निवृत्त रुग्णवाहिका चालक

डुलुथ, १४ नोव्हेंबर २०२३