चिठ्ठीवरचा मंगळवार

मंगळवार, संध्याकाळ

डॉक्टरांनी या वेळी झोपेच्या गोळीऐवजी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, ‘मंगळवारी चार वाजता, वाचनालयात बायकांचा गाण्याचा गट.’ मला न्यायला दवाखान्यातली जुबेदा यायची होती. ती आली, आणि मी दाराआड श्वास रोखून उभी राहिले. एवढ्या बायकांत मी काय बोलणार? चार दिवसांत दूधवाल्याशीसुद्धा बोलले नव्हते. आणि कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर मला गाण्यात पहिल्या रांगेत उभं करायच्या! ती मुलगी कुठे गेली?

बेल वाजतच राहिली. मग जुबेदा शेजाऱ्यांना ओरडून सांगू लागली, “अहो भाऊ, पहार आणा! काकी आत पडल्या असणार.”

मी घाईघाईने दार उघडलं. ती घामाघूम झालेली.

“काय हो काकी, जीव घेता काय माझा?” म्हणाली आणि पायरीवरच बसून रडली.

गाणं राहिलंच. दोघींनी चहा घेतला.

“पुढच्या मंगळवारी येते. पण पहिल्या बेलला उघडा हां!”

उघडेन, नक्की उघडेन. पण या एकटीच्या घरात मी खरंच पडले, आणि तो बुधवार असला तर?