फोनचं पथ्य

४ जून, सकाळ
फोन पुन्हा मंदावला. बोट लावावं, चहा घ्यावा, कप विसळावा, मग नंबर उमटतो. मुलीने हौसेने घेऊन दिलेला, सांगणार कोणाला? विचार केला. कारण सापडलं. अति चार्जिंग! परवाच गच्च भरला होता. पोट भरलं की माणूस सुस्तावतो, तसंच. आजपासून अर्धपोटी ठेवणार.

५ जून
मोबाइलवाल्याकडे सहज डोकावलो. म्हणाला, आजोबा, बॅटरी दहा टक्क्यांवर आलीय, चार्ज उरावा म्हणून फोन स्वतःच हळू चालतो, भरून टाका. मनात हसलो. चार्जर विकणारा दुसरं काय सांगणार? आयुष्यभर पाण्याचे पंप चालवले मी. मशिनचा स्वभाव मला कळतो.

७ जून
रोज चिमूटभरच चार्ज, बॅटरी नऊ टक्के. फोन जास्तच हळू. पथ्याचे पहिले दिवस जडच जातात. ही म्हणाली, अहो, फोनला उपाशी ठेवता आणि स्वतः दोनदा वाढून घेता! उत्तर दिलं नाही. तोंडात घास होता.

९ जून
मुलीचा फोन. नात पाऊल टाकायच्या बेतात आहे, धरून उभी राहते. रविवारी व्हिडिओवर दाखवणार. वर बजावलं, बाबा, फोन फुल चार्ज करून बसा हं. हो म्हटलं. मुलीचं मन कशाला मोडा? पण ऐन परीक्षेच्या आधी भरपेट जेवतं का कोणी? थोडासाच चार्ज करणार. मला झोप नाही. नात पडली तर?

१० जून
फोन पुसला. कव्हर काढून हवेशीर ठेवला. तरतरी वाटते. (मला.)

११ जून, रविवार
फोन वाजला. हिरवं बटण दाबलं. फोन विचारात पडला. कट. पुन्हा वाजला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा लागला! नात दिसली, एक पाय उचललेला. मी ओरडलो, शाबास! बराच वेळ पाय तसाच वर. काय तोल! एवढीशी पोर आणि एका पायावर इतकी स्थिर, आमच्याच घराण्याची. तेवढ्यात स्वयंपाकघरातून टाळ्या. जाऊन बघतो तर मुलीने व्हिडिओ हिच्या फोनवर लावलेला. नात चालत आली होती, पडद्याची पापी घेऊन झाली होती. पापी कोणाची घेतली, असं विचारलं. ही म्हणाली, माझी, तुम्ही कुठे होता? मी पोहोचलो तोवर फोन ठेवलेला.

१२ जून, दुपार
फोन शंभर टक्के भरला. फक्त तपासणीसाठी. बोट लावायचा अवकाश, पळतो. मुलीला व्हिडिओ लावला, म्हटलं, जरा चालवून दाखव. ती कुजबुजली, बाबा, आत्ताच झोपलीय, आणि कॅमेरा पाळण्याकडे वळवला. चित्र एकदम स्वच्छ, कुठेही अडकलं नाही. पुष्कळ वेळ पाहिलं. ती काही हलली नाही.