बोटीतला निळा रुमाल

मंगळवार, सांजच्याले

चुका माफ. मोबाईलवर एका बोटानं हळूहळू लिहून राह्यली.

मामाची बदली कोचीले झाली, तईपासून त्याची पोरगी पल्लवी तिथं कॉलेजले जाते, आधी बसनं, मंग बोटीनं. आज तिचा फोन आला.

"अवं, मी बोटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, तं एका बाईनं पडला समजून आणून देला! इथं रुमाल टाकत नाही कोणी, सगळ्यायले जागा भेटते."

लय हासली. चिखलीच्या स्टँडवर एस्टीत रुमाल टाकाचं तिले मीच शिकवलं. रुमालबी माहाच, निळा. मीबी हासली, पण आत जळलं. मी आठवीतच शाळा काऊन सोडली?

"तू ये नं, तुह्यासाठी जागा धरतो," म्हणे.

तिथं तं जागा धराचं कामच नाही. मंग मी काय कामाची?

निळा रुमाल वापस मागू काय? नाही मागत. राहू दे तिच्यापाशी.

शेजारच्या काकूच्या शेळीले तीन पिल्लं झाले.