पिठावरची बोटं

प्रिय आई,
तुझ्या खादाड लेकीचा नमस्कार. मी मजेत आहे, उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

इथे मोठ्या कंपनीचा पिझ्झा कधीही खा, छापल्यासारखी तीच चव. खालचा बेकरीवाला बरा करतो, पण मेला कडा करपवतो. म्हणून रविवारी घरीच केला.

पीठ मळून झाकलं. तुझ्यासारखी वर बोटं उमटवायला विसरले. नंतर फडकं काढलं, तर चार खुणा होत्या. चौथी अर्धीच, तुझ्या तुटक्या करंगळीएवढी. दाराला आतून कडी होती गं.

पिझ्झा अगदी तुझ्या हातचा वाटला.

तू बरी आहेस ना? कधीही फोन केला तरी दादा म्हणतो, "आई झोपलीये." या पत्राचं उत्तर त्याच्याकडून नको. तूच लिही.

तुझी,
धाकटी